तारखेशिवाय चांदा

धानोऱ्याच्या माणसाला चांदा, म्हणजे आजचे चंद्रपूर, ठाऊक असतो तो कचेरीमुळे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात येईपर्यंत आमच्या भागातला जमिनीचा तंटा असो, फौजदारी मुकदमा असो, नाहीतर एखादा साधा दाखला असो, प्रत्येक कागदाची अखेरची वाट चांद्यालाच जात असे. आणि त्याहीपूर्वी, म्हणजे १९५१ मध्ये जमीनदाऱ्या संपुष्टात येण्याआधी, धानोरा ही स्वतःच चांदा जिल्ह्यातील एक लहानशी जमीनदारी होती, तेव्हा हुकूम येत तेही तिकडूनच. माझे वडील चांद्याविषयी बोलत ते कोर्टाच्या व्हरांड्याविषयी, मुद्रांक विकणाऱ्याच्या पेटीविषयी आणि पुढच्या तारखेविषयी. त्या शहराला नद्या आहेत, तलाव आहे, वेशी आहेत, हे त्यांनी कधी सांगितल्याचे मला स्मरत नाही. तेव्हा काम नाही, नातलग नाही, दवाखाना नाही, आणि तरीही नवराबायको चांद्याला केवळ पायी हिंडण्यासाठी निघालो आहोत, हे शेजाऱ्यांना समजावून सांगणे प्रवासाहून दुर्घट झाले.

वस्तुतः सौभाग्यवतीच्या मनात लीमा होते. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकविल्यामुळे तिला दक्षिण अमेरिकेचा नकाशा आपल्या परसापेक्षा अधिक परिचित. आणि पेरू देशाच्या त्या राजधानीत पायीच भटकावे, ही तिची जुनी कामना. तेथे स्पेनच्या अंमलात १६८४ ते १६८७ या काळात समुद्री चाच्यांच्या भयाने कच्च्या विटांचा तट उभारला गेला, पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शहराला रुंद रस्ते हवेत म्हणून तो जमीनदोस्त करण्यात आला, आणि आता रिमाक नदीच्या काठी एका उद्यानात त्याचा उरलेला तुकडा पाहुण्यांना दाखविला जातो. पाडून टाकलेल्या तटाचा अवशेष पाहण्यासाठी सात समुद्र ओलांडावेत आणि एस. टी.च्या काही तासांवर उभा असलेला तट आपण न्याहाळूही नये, हा माझा युक्तिवाद. निवृत्तिवेतनाचा आकडा त्या युक्तिवादाच्या पाठीशी होता हे कबूल करतो.

पौष सरत आला होता; चांद्याला पायी हिंडण्याला थंडीवाचून दुसरा ऋतू नाही, कारण उन्हाळ्यात तिथला पारा देशाच्या वर्तमानपत्रांत झळकतो. धानोऱ्याहून गडचिरोलीपर्यंतचे मोहाचे आणि सागाचे रान, वैनगंगेवरचा पूल, सावली, मूल, असा मार्ग ठरलेला. त्याचे वर्णन मी करीत नाही, कारण खिडकीकडची जागा तिने घेतली होती.

जटपुरा वेशीसमोर उभे राहिल्यावर पहिल्यांदा लक्ष गेले ते दगडातल्या सिंहाकडे. हत्तीवर आरूढ झालेला सिंह हे चांद्याच्या गोंड राजांचे राजचिन्ह. खालून रिक्षा, दुचाक्या आणि शाळकरी मुले यांचा लोंढा अखंड वाहत असता, वर तो सिंह कित्येक पिढ्यांपासून त्याच हत्तीला दाबून बसला आहे. या वेशीतून मी किती वेळा आत गेलो असेन. मान वर करण्याची सवड मात्र कधी झाली नव्हती, कारण बगलेत दस्तऐवजांची पिशवी असलेला मनुष्य समोर पाहतो, वर पाहत नाही.

तटाचा फेरा लोक सुमारे ११ किलोमीटरचा सांगतात. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा या चार वेशी, आणि त्यांच्या जोडीला बगड, हनुमान, विठोबा, मसाण व चोर अशा पाच खिडक्या. आम्ही तो एका दमात संपविण्याचा हट्ट धरला नाही. प्रदक्षिणेप्रमाणे शहर उजव्या हाताला आणि तट डाव्या हाताला ठेवून चालायचे, एवढा एकच नियम सौभाग्यवतीने घातला, आणि तोही पाळता आला नाही. कारण कुठे घरे तटाला पाठ टेकून उभी, कुठे वाट बुरुजापाशी येऊन संपलेली, आणि मग एखाद्या खिडकीतून बाहेर पडून तटाची दुसरी बाजू धरावी लागे.

रामाळा तलावाकडून बगड खिडकीकडे येणारा भाग विशेष सुखाचा. इथे तटावरून चालता येते. २०१७ मध्ये ‘इको-प्रो’ या संस्थेच्या तरुणांनी बंडू धोतरे यांच्या पुढाकाराने बुरुजांवरची झुडपे आणि शतकांचा कचरा हातांनी उपसायला आरंभ केला, आणि ते काम त्यांनी वर्षानुवर्षे चालविले, म्हणूनच. सरकारी बंदोबस्ताची वाट पाहत बसण्याची आमच्या मुलखातली परंपरा लक्षात घेता ही गोष्ट मला तटाइतकीच अद्भुत वाटली. वरून एकीकडे परसातल्या दोऱ्यांवरचे कपडे आणि पाण्याच्या टाक्या दिसतात, दुसरीकडे झुडपे व उघडी जमीन. आणि या दोहोंच्या मधून आपण जात असता शहराचे असे एक दर्शन घडते जे त्याने पाहुण्यांसाठी सजवून ठेवलेले नसते. एका घराच्या मागच्या दारी सूप घेऊन बसलेल्या म्हातारीने आम्हांला हटकले.

“कोनाकडं आलात जी?”

कोणाकडेच नाही, हा तट पाहायला आलो, असे सौभाग्यवतीने सांगितले.

“भितीले पाहाले?” म्हातारीने सूप खाली ठेवले, आमच्याकडे आणि मग तटाकडे पाहिले, आणि आपल्या घराला लागून असलेल्या त्या प्रचंड वस्तूत पाहण्याजोगे काही आहे की काय याची जणू प्रथमच खातरजमा केली. नंतर मात्र तिने चहा घेतल्यावाचून आम्हांला हलू दिले नाही.

अंचलेश्वराकडे आल्यावर झरपट नदी भेटते, आणि तिच्याबरोबर खांडक्या बल्लाळशहाची कथाही. अंगावर फोडांची व्याधी असलेला हा राजा शिकारीत तहानलेला असता झरपटीच्या कोरड्या पात्रातल्या एका डबक्यात हातपाय धुतो, व्याधी नाहीशी होते, तिथेच देवस्थान प्रकटते. पुढे त्याच परिसरात एक ससा त्याच्या कुत्र्याचा पाठलाग करताना दिसतो, आणि ज्या वाटेने ससा धावला त्याच वाटेवर तट बांधावा असा सल्ला राणी देते. चांद्याच्या राजवंशाला राण्यांचा सल्ला मानवला असे दिसते. अंचलेश्वराशेजारी याच गोंड वंशातल्या बीरशहा राजाची समाधी आहे, ती त्याच्या हत्येनंतर त्याची राणी हिराई हिने बांधविली. अंचलेश्वराचे आणि महाकालीचे मंदिरही तिनेच नव्याने उभारले, आणि चैत्रात मराठवाड्यातून व तेलंगणातून जे यात्रेकरू महाकालीला येतात ते आजही एका विधवा राणीच्या वास्तूतच उतरतात. समाधीपाशी आम्ही पुष्कळ वेळ बसलो. सौभाग्यवतीने विचारले, “अहो, तुम्ही माझ्यासाठी काय बांधाल?” मी परसातल्या न्हाणीघराच्या राहिलेल्या कामाचा उल्लेख केला.

पठाणपुऱ्याकडे जाताना मात्र मन गंभीर झाले. १७५१ मध्ये गोंडांचे राज्य नागपूरकर भोसल्यांच्या हाती गेले, आणि १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजी तोफांनी याच तटाला खिंडार पाडले. आप्पासाहेब भोसल्यांच्या बाजूने लढणारा किल्लेदार गंगासिंग त्या संग्रामात कामास आला. शहराच्या मध्यभागी गोंड राजांच्या जुन्या वाड्यात आज कारागृह आहे, तिथे २१ ऑक्टोबर १८५८ रोजी मोलमपल्लीचे जमीनदार बाबुराव शेडमाके यांना फाशी देण्यात आली. आमच्या रानातला मनुष्य चांद्याला तारखेवर येतो ही प्रथा किती जुनी आहे हे त्या भिंतीसमोर उभे राहिल्यावर ध्यानात आले. वडिलांचा चांदा हाच होता, आणि त्यांनी तलावाचे नाव का घेतले नाही, हेही उमगले.

बिनबा वेशीकडचा भाग आम्ही दुसऱ्या सकाळी, तर्री-पोहे खाऊन, उतरत्या उत्साहाने पार पाडला. तिथे धूळ फार, आणि माझा डावा गुडघा तक्रार करू लागला होता. पुन्हा जटपुऱ्याशी पोचलो तेव्हा मला फेरा पूर्ण झाला असे वाटत होते, तर सौभाग्यवतीच्या डोक्यात निराळाच खटला उभा राहिला होता: ससा प्रदक्षिणेच्या दिशेने धावला की उलट? तिच्या मते उलटच, कारण पाठलाग करणारा ससा शिष्टाचार पाळणारा नव्हे. आणि तसे असेल तर आपण तट उलटा पाहिला, तो आता सुलट पाहिला पाहिजे. परतीच्या एस. टी.त मूल येईपर्यंत आमचा वाद चालला. पुढच्या बाकावरच्या गृहस्थांनी, चांद्याला कोर्टाचे काम होते का, असे विचारले, तेव्हा तिने त्यांनाही साक्षीदार करून घेतले.