तोंडियारपेटच्या भूजलाला किती वेळ द्यायचा?

उत्तर चेन्नईतील तोंडियारपेट ही बंदराजवळची दाट वस्ती. २०१३ मध्ये तेथील काही घरांच्या बोअरच्या पाण्याला इंधनाचा वास येऊ लागला; भरलेल्या बादलीवर तेलाचा तवंग दिसू लागला. बंदराकडून साठवण केंद्राकडे इंधन नेणाऱ्या भारत पेट्रोलियमच्या भूमिगत वाहिनीतून गळती झाली होती. प्रकरण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या दक्षिण खंडपीठापुढे गेले. आयआयटी मद्रासच्या प्रा. इंदुमती नंबी यांच्या चमूने तेथील भूजलाच्या शुद्धीकरणाचा प्रश्न हाती घेतला.

गळकी वाहिनी बंद करता येते; परंतु जमिनीत उतरून गेलेल्या तेलाचे काय करायचे?

इंधन पाण्याहून हलके असल्याने ते भूजलाच्या पातळीवर तरंगत राहते. चेन्नईत ईशान्य मोसमी पावसात ही पातळी वर येते आणि उन्हाळ्यात खाली जाते. तिच्याबरोबर तेलही वरखाली होते व वाळूच्या कणाकणाला माखून बसते. मग पंपाने कितीही उपसले तरी हे माखलेले तेल सुटत नाही. त्यातील बेन्झीन, टोल्युइन, इथाइलबेन्झीन आणि झायलीन पाण्यात हळूहळू विरघळत राहतात. यांपैकी बेन्झीन कर्करोगकारक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे १० मायक्रोग्रॅमहून अधिक असू नये.

येथे जमिनीतील जिवाणू मदतीला येतात. इंधन हे त्यांचे अन्न. मात्र हे भोजन फुकट होत नाही. एक मिलिग्रॅम बेन्झीनचे पूर्ण विघटन करण्यास सुमारे तीन मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो आणि एक लिटर पाण्यात तो जेमतेम आठ मिलिग्रॅम मावतो. म्हणजे लिटरभर पाण्यातील ऑक्सिजन अडीच मिलिग्रॅम बेन्झीनमागेच संपतो. त्यानंतर जिवाणू नायट्रेट, लोह व सल्फेट यांच्या आधारे श्वसन करतात आणि अखेरीस मिथेन निर्माण होतो. प्रत्येक पायरीवर कामाचा वेग बहुधा मंदावत जातो.

या प्रक्रियेवर विसंबून, सतत नमुने तपासत राहण्याच्या पद्धतीला निरीक्षणाधीन नैसर्गिक क्षीणन म्हणतात. कॅलिफोर्नियातील गळक्या इंधन टाक्यांचा १९९५ मध्ये अभ्यास झाला, तेव्हा बहुतेक ठिकाणी बेन्झीनचा प्रवाह टाकीपासून शंभर मीटरच्या आतच थबकलेला आढळला. १९९९ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने या पद्धतीसाठी मार्गदर्शक तत्त्वे दिली. त्यांतील आग्रह स्पष्ट आहे : गळतीचा स्रोत आधी आटोक्यात आणावा आणि क्षीणन खरोखर होत असल्याचा पुरावा द्यावा. निरीक्षण विहिरींत बेन्झीन वर्षानुवर्षे घटत आहे का? ऑक्सिजन, नायट्रेट व सल्फेट घटून विरघळलेले लोह व मिथेन वाढत आहेत का? केवळ बेन्झीन कमी दिसणे पुरेसे नाही. पावसाच्या पाण्याने ते नुसते पातळही झालेले असू शकते.

या पद्धतीची मर्यादा मिनेसोटातील बेमिजी येथे दिसते. १९७९ मध्ये तेथे कच्च्या तेलाची वाहिनी फुटली आणि १९८३ पासून अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षण त्या जागेचा अभ्यास करीत आहे. जिवाणूंनी प्रदूषणाला फार दूर जाऊ दिलेले नाही. तरीही चार दशकांनंतर जमिनीत तेल शिल्लक आहे.

परंतु बेमिजीची ती जागा विरळ वस्तीची आहे. तोंडियारपेटमध्ये घराघरांत बोअर आहेत आणि प्रत्येक पंप दूषित पाणी आपल्याकडे ओढू शकतो. म्हणून तेथे जिवाणूंवर सोपवण्याआधी तरंगते तेल उपसावे लागते, नळाचे किंवा टँकरचे स्वच्छ पाणी पुरवावे लागते आणि दूषित बोअर बंद ठेवावे लागतात. त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळले जाऊ लागले आहे. इथेनॉल जिवाणूंना अधिक सहज पचते. ते आधी ऑक्सिजन संपवते आणि बेन्झीन मागे उरते. अशा इंधनाच्या गळतीत बेन्झीन अधिक दूरवर पोहोचू शकते, त्यामुळे जुन्या अभ्यासांतील अंतरे जशीच्या तशी गृहीत धरणे योग्य ठरणार नाही.

निसर्ग स्वच्छता करतो, हे विज्ञानाने सिद्ध केले आहे. तो किती काळ घेईल, हे मात्र दर ठिकाणी मोजावेच लागते. त्या काळात ज्या कुटुंबाच्या दारातील पाणी निरुपयोगी झाले, त्याला पर्यायी पाणी मिळाले तरच ‘वाट पाहणे’ हा शास्त्रीय उपाय ठरतो. ते न मिळाल्यास उपायाचा सारा भार त्या कुटुंबाच्या डोक्यावरच्या हंड्यावर पडतो.