आवाजाची घडी

गोधडी घडी घालून ट्रंकेत ठेवली की लहान होते. उलगडली की पुन्हा तेवढीच! पण मेथी निवडून देठ फेकून दिले, तर ती जुडी पुन्हा पहिल्यासारखी होईल का? नाही ना? संगणकातल्या आवाजाचंही असंच असतं.

माझ्या आजीच्या जात्यावरच्या ओव्यांची एक कॅसेट आमच्याकडे आहे. आजी आता नाही. तिचा आवाज, जात्याची घरघर, बांगड्यांची किणकिण एवढंच उरलंय. कॅसेटची एक बाजू, म्हणजे अर्धा तास, मी संगणकात उतरवली. सीडीच्या दर्जाची वेव्ह फाईल झाली सुमारे ३०० एमबीची.

पुतण्या म्हणाला, ‘‘काका, एमपीथ्री करू या. ३० एमबीत मावेल. मोठी पुसून टाकू. लागली तर परत वेव्ह करू की!’’

‘‘अरे, थांब!’’ मी म्हटलं. एमपीथ्री देठ टाकते. मोठ्या आवाजाखाली दबलेले, कानाला सहसा न जाणवणारे बारीक आवाज ती गाळते. तिची पुन्हा वेव्ह केली तर फाईल फुगेल, पण गाळलेलं परत येणार नाही. एमपीथ्रीवरून पुन्हा एमपीथ्री केली, तर आणखी थोडं गळेल. २००१ साली आलेली फ्लॅक मात्र गोधडीची घडी घालते. फाईल बरीच लहान होते, पण हरवत काहीच नाही.

मग आम्ही ओव्यांची फ्लॅक करून दोन ठिकाणी जपून ठेवली. आत्याला पाठवायला तिच्यावरून एमपीथ्री काढली.

तुमच्याही घरी अशी कॅसेट असेल, तर आधी पूर्ण आवाज जपा. छोट्या फाईली मग हव्या तेवढ्या काढा!