साळिंदराचे बीळ रिकामे राहत नाही

येरमाळ्याच्या येडेश्वरीच्या डोंगराच्या पलीकडे एक रोपवन आहे. गेल्या फाल्गुनात तिथल्या एका सिसूच्या झाडापाशी मी गुडघे टेकून बसलो होतो. वर पाहिले तर पाने हिरवीगार. बुंध्याशी मात्र, जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंत, साल सगळीकडून सोललेली. उघड्या पडलेल्या लाकडावर पटाशीने मारल्यासारख्या रुंद खाचा होत्या, शेजारी-शेजारी, दोन-दोनच्या जोडीने. खाली सालीचा चुरा पडला होता. आतला ओलसर पापुद्रा खाऊन बाहेरचे खरबरीत टरफल तेवढे टाकून दिलेले. जरा बाजूला काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा एक काटा पडला होता.

माझ्याबरोबरचा रोपवनाचा राखणदार म्हणाला, "झाड तर जित्तं हाय की!"

ते जिवंत नव्हते. झाडे का मरतात हे शोधण्यात माझी पंचवीस वर्षे गेली. मुळांनी ओढलेले पाणी लाकडातून वर चढते, म्हणून पाने काही महिने टवटवीत दिसतात. पण पानांनी तयार केलेले अन्न सालीच्या आतल्या थरातून खाली उतरते आणि ती वाट इथे कायमची तुटलेली असते. मुळे उपाशी मरतात, मग झाड वाळते. तोवर पावसाळा येऊन गेलेला असतो आणि कागदावर त्या झाडापुढे 'जगले' अशी खूण झालेली असते.

साळिंदर, सायाळ, साळू, काहीही म्हणा. धाराशिव जिल्ह्यात हा प्राणी सगळ्यांच्या ओळखीचा आणि फार थोड्यांनी पाहिलेला. वजन अकरा ते अठरा किलो, म्हणजे आपल्याकडच्या कुरतडणाऱ्या प्राण्यांत सर्वांत दांडगा. दिवसभर बिळात, रात्री बाहेर. पुढचे दात जन्मभर वाढतात, म्हणून काहीतरी कुरतडत राहणे त्याला भागच असते. बिळाच्या तोंडाशी जनावरांची वाळकी हाडे सापडतात ती त्यामुळेच. हाडातून चुना आणि फॉस्फरसही मिळतो. काटे तो फेकून मारत नाही. काटे म्हणजे त्याचे केसच, जाड आणि कडक झालेले. शत्रू आला की पाठ फिरवून तो उलटा अंगावर धावून येतो.

नुकसान दिसले की मागणी एकच होते: "मारून टाका." रोपवनवाले म्हणतात, भुईमूग आणि रताळ्याचे शेतकरी म्हणतात, सभांमध्ये शिकलेली माणसेही म्हणतात. त्यांचा राग मला कळतो. दुष्काळात टँकरने पाणी घालून जगवलेले झाड एका रात्रीत जाताना मीही पाहिले आहे. म्हणून ज्यांनी आयुष्यात खरोखर साळिंदरे मारली त्यांनाच विचारायचे मी ठरवले.

येरमाळ्याहून थोड्या अंतरावरच्या एका पालावर एक म्हातारे बाबा भेटले. तरुणपणी त्यांनी कुत्री घेऊन पुष्कळ शिकार केलेली. मी विषय काढला तसे त्यांनी डबीतून साळिंदराच्या शेपटीचे काटे काढून माझ्या तळहातावर ठेवले. आखूड, पोकळ, टोकाला उघडे; इवल्या पेल्यांसारखे. "हलवा," म्हणाले. हलवले तर सळसळ वाजले. रात्री हा आवाज आला की कुत्रीसुद्धा दोन पावले मागे सरतात, असे ते सांगत होते.

"सगळी मारली तर झाडं वाचतील का, बाबा?"

"न्हाई, सायेब. एक मारलं की बीळ रिकामं ऱ्हातंय व्हय? दुसरं येतंय. आमी खायाला मारायचो. संपवायला न्हाई. संपलं तर फुडच्या साली खायाचं काय?"

पुढे मी आणखी शिकाऱ्यांशी बोललो. पोटासाठी शिकार केलेल्यांकडून थोड्याफार फरकाने हेच ऐकले. ही त्यांची सारवासारव नव्हती. कैलाश मल्होत्रा आणि माधव गाडगीळ यांनी महाराष्ट्रातल्या भटक्या शिकारी समाजांचा अभ्यास करून 1983 मध्ये लिहून ठेवले आहे की या समाजांनी शिकार आपसांत वाटून घेतली होती. फासेपारध्यांनी फास लावून हरणे आणि पाखरे धरायची. तिरमल नंदीवाल्यांनी कुत्र्यांच्या मदतीने रानडुक्कर, साळिंदर, घोरपड. वैदूंनी मुंगूस, रानमांजर असे लहान प्राणी. फासात सापडलेली गाभण हरिणी आणि पाडस सोडून द्यायचे, असा पारध्यांचा रिवाज होता. ज्या पारध्यांना 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवले आणि 1952 पर्यंत तो शिक्का पुसला नाही, त्यांच्याकडे रानाच्या वापराचा असा नियम होता. रोपवनाची आखणी करताना त्यांना कुणी विचारल्याचे मला आठवत नाही.

सगळे शिकारी असेच विचार करतात, असे नाही. मांसाच्या चवीसाठी मारणारे आहेत, आणि त्यांना 'झाडांचे नुकसान' हे कारण आयते मिळते. खाण्याला आधारही जुना आहे. मनुस्मृतीने खाण्यास चालणाऱ्या पंचनखी प्राण्यांत साळिंदराला धरले आहे. काटा तर थेट संस्कारात गेला. सीमंतोन्नयनात गर्भवतीचा भांग पाडायला गृह्यसूत्रांनी साळिंदराचा काटा सांगितला. आणि तोच काटा कुणाच्या घरात टाकला तर भांडणे लागतात, असेही आपण मानतो. काट्यांची विक्री या असल्या समजुतींवर चालते. पण मला सर्वांत जास्त भीती वाटते ती कुंपणात वीज सोडणाऱ्यांची. ती तार साळिंदर, कुत्रे, गुराखी यांत फरक करत नाही. याला मी शिकार म्हणणार नाही. जुने शिकारीही म्हणत नाहीत.

कायदा स्पष्ट आहे. 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली साळिंदर मारणे गुन्हा आहे. पिकांच्या नुकसानीसाठी परवाना देऊन पारध करण्याची वाट महाराष्ट्राने 2015 मध्ये रानडुक्कर आणि रोह्यापुरती मोकळी केली. साळिंदर त्यात नाही. ते तसेच राहावे, असे माझे मत आहे. ते भूतदयेपोटी नाही, झाडांच्या हिशेबाने आहे.

हा हिशेब दुसरीकडे करून झाला आहे. अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यात तिथल्या साळिंदरांनी लाकडाच्या जंगलांचे अतोनात नुकसान केले. साळिंदराला तोंडाकडून धरून मारणारा फिशर नावाचा मुंगसासारखा दिसणारा प्राणी लोकांनी कातड्यासाठी आधीच संपवत आणला होता. शेवटी 1959 ते 1967 या काळात मेन राज्यातून 124 फिशर आणून सोडावे लागले. आपल्याकडे हे काम बिबट्याने करायचे. पण त्याला जागा थोडी; इथले येडशी-रामलिंग घाटाचे अभयारण्य जेमतेम 22 चौरस किलोमीटरचे. तरी डिसेंबर 2024 मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरहून सुमारे पाचशे किलोमीटर चालून आलेला वाघ तिथे कॅमेऱ्यात दिसला. मोठ्या शिकारी प्राण्यालाही साळिंदर सोपे नसते. मुक्तेसरच्या नरभक्षक वाघिणीने साळिंदराशी झालेल्या झटापटीत एक डोळा गमावला होता आणि तिच्या अंगात पन्नासेक काटे रुतले होते, अशी नोंद जिम कॉर्बेटने केली आहे.

मला स्वतःला थांबायला लावले ते इस्राएलच्या नेगेव वाळवंटातल्या अभ्यासाने. प्राणी तोच, आपलेच साळिंदर. कंद खाण्यासाठी ते उतारावर खड्डे उकरते. यित्झाक गुटरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसले की त्या खड्ड्यांत वाहते पाणी, पालापाचोळा आणि बी साठते आणि आजूबाजूच्या जमिनीपेक्षा तिथे जास्त रोपे उगवतात. बालाघाटाच्या मुरमाड उतारांवर आपण मजूर लावून खणतो ते समतल चर याहून वेगळे काय करतात? हे वाचल्यावर मी येरमाळ्याच्या त्याच डोंगरावर पुन्हा गेलो. पहिला पाऊस होऊन गेला होता. उकरलेल्या एका खड्ड्यात बोरीची दोन आणि हिवराचे एक रोप होते. ती कुणी लावलेली नव्हती.

मग सिसूची साल का खाल्ली? त्याचे उत्तर आपल्या रोपवनातच आहे. उन्हाळ्यात कंद-मुळे संपलेल्या उघड्या डोंगरावर टँकरने भिजवलेला खड्डा हा रसाचा एकच ठिपका असतो. 2016 पासून राज्यात वृक्षलागवडीचे आकडे दोन कोटी, चार कोटी, तेरा कोटी, तेहेतीस कोटी असे चढत गेले. बुंध्याला जाळी किती झाडांना लागली, हे त्या आकड्यांत दिसत नाही. जाळी हातभर उंच हवी आणि वीतभर जमिनीत गाडलेली हवी, कारण साळिंदर खालून उकरते. बाहेरच्या ओळीला गिरिपुष्प लावून पाहावे. त्याला उंदीरमारी म्हणतात ते उगीच नव्हे.

पालावरच्या बाबांना मी शेवटी विचारले होते की राखणीचे काम दिले तर कराल का. ते म्हणाले, "बिळं आमाला ठावं हाईत. कुटल्या वाटंनं येतंय ते सांगू. पन पगार द्या, आन् पोलीस आला तर आमचा मानूस हाय म्हनून सांगा."

येत्या पावसाळ्यात रोपवन करणाऱ्यांना माझी विनंती आहे: खड्ड्याच्या खर्चात जाळीचा खर्च धरा, आणि रात्रीचा राखणदार नेमण्याआधी जवळच्या पालावर जाऊन या. त्याच्या हातात सही-शिक्क्याचे ओळखपत्र द्या.