दोरी बांधलेली बालदी

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे सुट्टीत घरी गेलो की बाबा हमखास विचारतात, "काय शिकलास?" ते मच्छीमार बोटीवर तांडेल आहेत. कवितेविषयी सांगू लागलो की त्यांना जांभया येतात. या दिवाळीत मात्र मी त्यांना समुद्रातलेच सांगितले.

ग्रंथालयात फास्टनेट शर्यतीविषयी वाचायला मिळाले होते. ऑगस्ट १९७९ मध्ये इंग्लंडहून ३०३ शिडाच्या नौका निघाल्या. आयर्लंडच्या दक्षिणेच्या फास्टनेट खडकाला वळसा घालून परत यायचे. वाटेत वादळाने गाठले. १५ स्पर्धक गेले. २४ नौका माणसांनी सोडल्या. त्यांपैकी ५ बुडाल्या, उरलेल्या नंतर तरंगताना सापडल्या! तराफ्यात उतरलेली काही माणसे मात्र परतली नाहीत. बाबा जेवताजेवता थांबले. "होडी पायाखालनं जाईस्तोवर सोडायची नाही," एवढेच म्हणाले.

पुढे खोल समुद्रातल्या शर्यतींचे नियम कडक झाले. सहलीसाठी बांधलेली नौका शर्यतीत उतरवायची तर मालकाला आपले घर मनातल्या मनात पालथे करून पाहावे लागते. गाद्या, चूल, कपाटे, सारे सुखासाठी मांडलेले. पण नौका उलटली तर ही चूल कुठे जाईल? बॅटरी कोणाच्या डोक्यात पडेल? म्हणून सगळे जखडायचे. खाली उतरायच्या दाराच्या फळ्यासुद्धा दोरीने बांधायच्या, कारण १९७९ मध्ये काही नौकांच्या फळ्या वाहून गेल्या नि पाणी आत शिरले. डेकवर पुढून मागे दोर ताणायचा आणि दाराबाहेर पडण्याआधीच अंगातल्या पट्ट्याची कडी त्यात अडकवायची. बुडाला जिथे भोक तिथे मऊ बूच. आणि दोन मजबूत बालद्या, दोरीसकट.

"बालदीला दोरी बांधा, हे पण नियम करून सांगावं लागतं?" बाबा हसले.

मला हसू आले नाही. तीन वर्षांपूर्वी माझा चुलतभाऊ रात्री बोटीच्या कडेला उभा राहिला, आणि पहाटेपर्यंत कोणाला कळलेच नाही. तो पट्टीचा पोहणारा होता. बोटीवर लाइफ जॅकेटे होती. प्लॅस्टिकच्या पिशवीत, तपासणीच्या दिवसासाठी. मी तेच विचारले. जाळे ओढताना ती आड येतात, उकडते, असे बाबा म्हणाले. खोटे नाही ते. पण मग कडीचा पट्टा?

"गुरासारखं बांधून घेऊ?" म्हणत ते हात धुवायला उठले. आई भिंतीकडे बघत होती.

मला राग आला, आणि लाजही वाटली. ज्यांनी समुद्रावर राबून माझी फी भरली, त्यांना मी पुस्तकातला समुद्र शिकवत होतो.

निघायच्या आदल्या दिवशी बंदरावर गेलो. बोटीत बर्फ भरणे चालू होते. केबिनपासून नाळेपर्यंत नायलॉनची नवी दोरी ताणलेली दिसली. मी पाहतो आहे हे बाबांच्या लक्षात आले.

"कपडे वाळत घालायला," ते म्हणाले.

दोरीवर एकही कपडा नव्हता.