गॅलियमचे कोडे

गॅलियम हा चांदीसारखा दिसणारा धातू २९.८ अंश सेल्सिअसला वितळतो. शिरूर-दौंडकडच्या वैशाखात तो सावलीतल्या वाटीतही पाण्यासारखा हलेल. तळहातावर ठेवला तर अंगाच्या उबेनेच त्याचा थेंब होतो. धातूचा कण लहान झाला की तो सहसा आणखी लवकर वितळतो. पण २००३ मधील प्रयोगांत मोजक्या अणूंचे गॅलियमपुंज खूप तापवूनही घट्टच राहिले.

पुणे विद्यापीठातील दिलीप कान्हेरे व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये याचे उत्तर संगणकावर शोधले. पुंजातील अणू एकमेकांना सहसंयुज बंधांनी घट्ट धरतात. मोठ्या तुकड्यात ही पकड तेवढी राहत नाही.

असे उत्तर काढायला मोठी संगणनशक्ती लागते. वॉल्टर कोन आणि सहकाऱ्यांनी १९६४-६५ मध्ये मांडलेल्या घनता-फलन सिद्धांतानुसार इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून अणूंवरचे बल काढतात, मग अणू किंचित सरकवतात आणि पुन्हा तेच गणित करतात. एकेक पाऊल काही फेम्टोसेकंदांचे, म्हणून पावले लाखांनी लागतात. शिवाय अणू दुप्पट झाले की नेहमीच्या पद्धतीत काम साधारण आठपट होते. म्हणून ते अनेक प्रोसेसरांत वाटावे लागते.

समांतर संगणनाची ही वाट पुण्यात सी-डॅक या संगणन संस्थेने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ या महासंगणकाने खुली केली. आज आयसर पुणे या विज्ञानसंस्थेतील ‘परम ब्रह्म’ हा महासंगणक हीच परंपरा चालवतो. घरोघरच्या एलईडी दिव्यांत गॅलियम नायट्राइड असते. अशा पदार्थांचे गुणधर्म भट्टी पेटवण्याआधीच अजमावता येतात, हे या गणिताचे मोठे देणे आहे.