हिरव्या पानातला तांबडा

मेंदीच्या पानाकडे नुसते पाहून त्याच्या पोटात कोणता रंग आहे, याचा पत्ता लागत नाही. ते वाटावे लागते आणि वाट पाहावी लागते.

बेळगावच्या आमच्या जुन्या घराला मेंदीचे कुंपण होते. पलीकडचे घर कानडी. आमची मेंदी ती पलीकडच्या अक्कांची मदरंगी, कधी गोरंटी. ‘गोरंटी’ म्हटले की आजीच्या डोळ्यांपुढे परसातली पिवळी कोरांटी उभी राही आणि दोघी हसत. नागपंचमीच्या आदल्या दिवशी पाटा मात्र एकच असे. दोन्ही बाजूंनी पाने ओरबाडायची, चिंचेच्या कोळात वाटायची, बोटांवर थापून वर चिंध्या बांधायच्या आणि तसेच झोपायचे.

या झोपेत खरे काम होई. वाटलेल्या पानातून लॉसोन हे रंगद्रव्य मोकळे होते आणि कातडीतल्या केराटिनला घट्ट धरते. तळहाताची कातडी जाड, म्हणून तिथे ते अधिक रंगते. सकाळी केशरी दिसणारा हात एक-दोन दिवसांत तांबूस तपकिरी होतो आणि कातडी झडेल तसा फिका पडतो. नखावरचा रंग मात्र नखाबरोबर पुढे सरकतो. दिवाळीच्या करंज्या करताना आईच्या नखांच्या टोकांवर श्रावणातली बारीक कोर शिल्लक असे.

गेल्या वर्षी भाचीने एका लग्नात ‘काळी मेंदी’ काढून घेतली. अर्ध्या तासात रंग! तिसऱ्या दिवशी नक्षीच्या रेषेरेषेवर फोड आले. डॉक्टर म्हणाले, ‘‘यात पॅराफिनिलिनडायअमाइन असणार, केसांच्या कलपातले. यापुढे जन्मभर कलपापासून सांभाळा.’’

‘‘पण मेंदीच होती हो ती,’’ वहिनी म्हणाल्या.

‘‘मेंदी काळी नसते, ताई.’’

राजस्थानातल्या सोजतच्या मेंदीला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पण मेंदीची खरी खूण घरातल्या कुणालाही कळण्याजोगी आहे: ती तांबडी रंगते आणि घाई करत नाही. ही साधी गोष्ट आमच्या आयांना ठाऊक होती. मुलींना ती सांगायची राहून जाते आहे.

भाचीचे फोड बरे झाले, पण मेंदीचे नाव काढले की ती हात मागे घेई. यंदा पंचमीला मी कुंडीतली पाने वाटली, आधी तिच्या कोपराशी ठिपकाभर लावून दोन दिवस थांबले. काही झाले नाही. मग तिने आपणहून बोटे पुढे केली आणि विचारले, ‘‘आत्या, चिंध्या कुठे आहेत?’’