दुसरी नस

कमरेची चकती सरकली आणि लेड अ‍ॅप्रन घालून उभं राहणं संपलं. हृदयविकाराच्या झटक्यानं शॉकमध्ये गेलेला पेशंट आला की आता टेबलापाशी माझी विद्यार्थिनी असते, मी काचेआड.

बंद नस उघडण्यानं मला फार कधी छळलं नाही. छळते ती तिच्या शेजारची. प्रेशर सत्तर, ते टिकवायला नॉर-अ‍ॅड चालू, एलएडीत, म्हणजे हृदयाच्या डाव्या मोठ्या नसेत, स्टेंट बसला, रक्त धावलं. आणि तेवढ्यात पडद्यावर उजव्या नसेतला नव्वद टक्के ब्लॉक डोळ्यांत भरतो. हृदय दमलंय, त्याला दुसरीकडूनही रक्त मिळू दे, हे कुणालाही पटेल. २०१७ साली कल्प्रिट-शॉक चाचणीनं ते खोटं ठरवलं. एकच दोषी नस उघडलेल्यांत तीस दिवसांच्या आत मृत्यू किंवा डायलिसिसची वेळ ४५.९ टक्क्यांवर आली, सगळ्या नसा एकाच बैठकीत उघडलेल्यांत ५५.४ टक्क्यांवर. आधीच रक्ताला मुकलेल्या किडनीवर नसा दिसण्यासाठी सोडलेल्या डायचा आणखी भार, टेबलावर आणखी वेळ. मला तरी कारण हेच वाटतं.

हे आकडे मी व्याख्यानांतून सांगत फिरलो, तरी हात शिवशिवायचाच. त्यात वैद्यक थोडं, हौस जास्त. आधीचं आणि नंतरचं चित्र मीटिंगमध्ये शेजारी-शेजारी लावलं की वाहवा मिळते. उजवी नस तशीच सोडलेल्या चित्राला कोण दाद देणार?

माझी विद्यार्थिनी मात्र "सर, थांबते," म्हणते आणि वायर काढून घेते. मी अजूनही मनातून चडफडतो.

यंत्रांचीही हौसच. दमलेल्या हृदयाला आधार देणाऱ्या बलून पंपावर आमची पिढी पोसली. २०१२ साली सहाशे रुग्णांच्या जर्मन अभ्यासात त्यानं मृत्यू कमी झाले नाहीत. आता नळीतून डाव्या कप्प्यात बसवायच्या इवल्याशा पंपाचे दिवस आहेत. २०२४च्या डेंजर-शॉक चाचणीत त्यानं जीव वाचले, हे खरं. पण हृदय बंद पडून बेशुद्धीत गेलेले रुग्ण त्या चाचणीत नव्हते आणि पंपाच्या गटात रक्तस्राव जास्त झाला, हे विकायला येणारे आपणहून सांगत नाहीत. किंमत तर शेत विकायला लावणारी.

बाहेर नातेवाईक विचारतात, "तीन ब्लॉक होते ना, मग एकच का काढला?" जरूर विचारा. उरलेल्या दोन नसांचं काय करायचं, तेही विचारा. पण पेशंट शॉकमधून बाहेर आल्यावर. त्या रात्री "सगळंच उरकून टाका" एवढं मात्र डॉक्टरला म्हणू नका. आमच्यातले बरेच जण ते ऐकायलाच टपलेले असतात.